मोठं मूळ

उल्हासनगर, कॅम्प नं. ३
३ सप्टेंबर २००६

ती. अंजनीआत्यास,
कीर्तीचा साष्टांग नमस्कार.

मी तुझ्या भावाची, हरिचंद्रची, मुलगी. तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि माझे पुढचे दोन दात पडले होते. आता एकोणीस पूर्ण आहेत. दात आलेत. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय गणित.

गणपतीच्या आधी माळा साफ करताना पत्र्याच्या ट्रंकेत तुझी वही सापडली. पहिल्या पानावर लिहिलंय, 'कु. अंजनी, इयत्ता सातवी. या वहीला हात लावणाऱ्याचा हात मोडेल.' मी लावला. अजून तरी मोडलेला नाही.

आत्या, त्या वहीत एक ते हजार आकडे आहेत. कित्येकांवर काट आहे, आणि उरलेल्यांभोवती तू लाल गोल केलेत. दोन, तीन, पाच, सात, अकरा... मी माळ्यावर बसून सगळे तपासले. आई खालून ओरडत होती, "मेली की काय वर?" हे गोल ज्यांना आहेत त्या सगळ्या मूळ संख्या आहेत गं! ज्यांना एक आणि ती स्वतः सोडून कुणीच भागू शकत नाही त्या. आम्ही कॉलेजात नुसतं 'मूळ' म्हणतो. हे तुला कुणी शिकवलं?

फक्त एक चूक आहे. ९१ लाही गोल केलायस. ९१ मूळ नाही. तेरा सत्ते एक्याण्णव.

आता खरं कारण. बाबा डिसेंबरअखेर अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर होतायत. तीस तारखेला घरी जेवण आहे. आई यादी करते आणि दर वेळी तुझ्या नावाशी येऊन थांबते. अकरा वर्षांपूर्वी काय झालं, कुणी सांगत नाही. माझी फार इच्छा आहे की तू यावंस. त्यासाठी मी काय करू ते सांग, मी करीन.

बाबांना या पत्राचं माहीत नाही. उत्तर आमच्या घराखालच्या जीन्सच्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठव. तिथले शेठ म्हणाले, "डोंट वरी बेटा, कुणाला नाही बोलणार." वर पत्ता लिहिलाय.

तुझी,
कीर्ती

&nbsp;

बदलापूरजवळ, घरून
२० सप्टेंबर २००६

चि. कीर्तीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, "आजी, तुम्हाला उल्हासनगरहून पत्र!" सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला. शेजारची बनूबाई लगेच वाटी घेऊन साखर मागायला आली. तिच्याकडे साखर होती.

वही मला वाटलं केव्हाच रद्दीत गेली. मला कुणी नाही शिकवलं गं. आम्हाला तीसपर्यंत पाढे पाठ करायला लावायचे. मी म्हणता म्हणता पाहिलं, की काही आकडे कुठल्याच पाढ्यात येत नाहीत. दोनाच्या नाही, तीनाच्या नाही, कुणाच्याच नाही. पाढे पुरले नाहीत तिथे पाटीवर भागून पाहिलं. मला त्यांचं वाईट वाटलं. म्हटलं, कुणी बोलावत नाही तर आपण बोलावू. लाल पेन्सिल नव्हती, म्हणून देव्हाऱ्यातलं कुंकू पाण्यात कालवून काडीने गोल केले. आईने मारलं.

आता ९१. ती चूक माझी नव्हे. मी तेराचा पाढा म्हणत होते आणि तुझा बाप शेजारी बसून मुद्दाम चुकीचा म्हणत होता. 'तेरा सत्ते एक्याऐंशी, तेरा सत्ते एक्याऐंशी.' माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण आवाज केवढा! त्या गोंधळात एक्याण्णव कुठल्याच पाढ्यात आलं नाही. मला दुसऱ्या दिवशी कळलं होतं. पण कुंकवाने केलेला गोल पुसायचा नसतो, म्हणून ठेवला.

तू विचारलंस काय करू. बाकी काही नको. मोठं मूळ पाठव, मी येते. लहानसहान चालणार नाही, मोठंच हवं. त्याशिवाय मी उंबरा ओलांडायची नाही, एवढं पक्कं समज.

तुझे काका बरे आहेत. विचारतात, दात पडलेली ती पोर का?

तुझी आत्या,
अंजनी

&nbsp;

उल्हासनगर
२ ऑक्टोबर २००६

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी जिन्यात उडी मारली. खाली कारखान्यातल्या मशीनवाल्या बायका विचारायला लागल्या, नोकरी लागली का? त्यांना कसं सांगू, माझ्या आत्याने मला कोडं घातलंय!

अट मान्य. मोठं मूळ पाठवते. पण किती मोठं? तुझ्या वहीत ९९७ पर्यंत आहेत, म्हणजे चार अंकी पाठवलं तर तू हसशील. आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, सगळ्यात मोठं असं मूळ नसतंच. कितीही मोठं घे, त्याच्या पुढे आणखी असतंच. ही यादी संपत नाही, हे दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय. म्हणून तूच सांग, कुठे थांबू?

आणि एक गंमत. गंमत की काय, मला कळत नाहीये. काल जेवताना मी सहज विचारलं, "बाबा, तेरा सत्ते?"

ते घास खाता खाता म्हणाले, "एक्याऐंशी."

एका सेकंदात! आणि मग त्यांचा हात ताटातच थांबला. आई म्हणाली, "अहो, एक्याण्णव." बाबा उठले आणि हात धुवायला गेले. ताटात अर्धी भाकरी तशीच होती. बाबा अन्न टाकत नाहीत कधी.

तुझी,
कीर्ती

&nbsp;

बदलापूरजवळ
१३ ऑक्टोबर २००६

चि. कीर्तीस आशीर्वाद.

किती मोठं म्हणजे काय गं? हे काय विचारणं झालं? तुमच्या घरात सगळ्यात मोठं जे असेल ते. सरांना काय विचारतेस, सरांचा काय संबंध? घरातल्या गोष्टी कॉलेजात न्यायच्या नसतात.

एकटंच आलं तरी चालेल, सोबत कुणी नको. फक्त अर्ध्यातून परत फिरणारं नको. तसलं एकदा येऊन गेलंय.

भाऊबीजेपर्यंत आलं तर फार बरं होईल. मी त्या दिवशी कुठे जाणार नाही. भात कापायला आलंय, पण ते दुसऱ्या दिवशी कापू. काका म्हणतात, "अकरा वर्षं थांबलं, एक दिवस भातही थांबेल."

अर्ध्या भाकरीचं वाचलं. त्याला लहानपणापासून तशीच सवय. चूक कळली की हात धुवायला जायचा. आमच्या विहिरीचं निम्मं पाणी त्यात गेलं.

आत्या

&nbsp;

उल्हासनगर
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय, प्रिय आत्या,

भाऊबीज चुकली, माफ कर. पण मूळ मिळालं! तू घातलेल्या सगळ्या अटींत बसणारं.

सोबत पांढरी फीत पाठवतेय. ब्लाउजची नव्हे. जीन्सच्या आत कंपनीचं नाव छापून शिवतात ना, त्या लेबलची कोरी फीत आहे, शेठनी दिली. आकडा इतका लांब, की पोस्टकार्डावर लिहिला तर दोन ओळींत तुटेल. मूळ तुटलेलं कसं पाठवू? हा घे:

१२३४५६७८९१०९८७६५४३२१

वीस अंकी आहे. नीट बघ, आत्या. एकापासून दहापर्यंत मोजत जायचं, आणि दहापासून उलटं मोजत एकापर्यंत घरी यायचं. बस. हा आकडा मूळ आहे! एक आणि तो स्वतः सोडून त्याला जगात कुणी भागू शकत नाही.

तू लिहिलं होतंस, अर्ध्यातून परत फिरणारं नको. ते वाचलं आणि मला उजेड पडला. कारण आधी मी फक्त नऊपर्यंत गेले होते आणि तिथून परत फिरले होते. १२३४५६७८९८७६५४३२१. दिसायला हे जास्त देखणं. पण ते मूळ नाही! ते अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा, म्हणजे नऊ एके ओळीत, याचा वर्ग आहे. बाहेरून डौल आणि आतून फुटलेलं. एकच पाऊल पुढे टाकून दहाला शिवून परत आलं, की मात्र कुणाच्या बापाला फुटत नाही. तुला हे आधीच माहीत होतं ना? खरं सांग!

तपासायचं म्हणजे काम होतं. साडेतीनशे कोटींपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, आणि त्या आहेत सोळा कोटींहून जास्त. हाताने केलं असतं तर मी तुझ्याहून म्हातारी झाले असते. सरांनी कॉलेजचा संगणक दिला. पहिल्या दिवशी अठ्ठाविसाव्या मिनिटाला लाइट गेली. लोडशेडिंग! दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांना वाटलं, स्क्रीनवर काहीच हलत नाही, म्हणजे बिघडला. त्यांनी बटण बंद केलं. तिसऱ्या दिवशी मी मशीनसमोर हात पसरून उभी राहिले. पस्तीस मिनिटांनी अक्षरं आली, 'भाग जात नाही.' मी शिपाईमामांनाच मिठी मारली.

आणखी एक. या आकड्यातले सगळे अंक मिळवले तर किती येतात, सांग? एक्याण्णव! तुझं गोल केलेलं एक्याण्णव. मला वाटतं, ते पन्नास वर्षं आत जागा धरून बसलं होतं.

आता येशील ना? तीस डिसेंबर. शब्द दिलायस.

तुझीच,
कीर्ती

&nbsp;

बदलापूरजवळ
२५ नोव्हेंबर २००६

माझ्या बाय,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला दहा दिवस लागले. त्यातले पहिले दोन दिवस मी रडले, तिसऱ्या दिवसापासून हसतेय ते अजून थांबत नाही.

अगं वेडे, मूळ म्हणजे आकडा नव्हे! सासरी असलेल्या मुलीला माहेरी न्यायला जो माणूस येतो, त्याला आमच्यात मूळ म्हणतात. सणाला, कार्याला, माहेरहून मूळ येतं, मग बाई निघते. मोठं मूळ म्हणजे घरातलं मोठं माणूस. भाऊ, बाप. तुझ्या आईला विचारलं असतंस तर तिने एका वाक्यात सांगितलं असतं. पण तुझं सगळं चोरून!

आणि मी इकडे काय केलं असेल? भाऊबीजेला सारवलं, घावणे केले, नारळाच्या दुधाचा रस केला, नवं लुगडं नेसून दारात बसले. काका दर थोड्या वेळाने वेशीवरच्या चिंचेपर्यंत जाऊन बघून येत होते. कुणी आलं नाही. मग तुझं पाकीट आलं. फुगलेलं होतं. मला वाटलं, तुझ्या बापाने लांबलचक पत्र लिहिलं. उघडलं तर फीत! काका म्हणाले, "मूळ आलं की नाडी आली?"

पण आता तुला सांगतेच, कारण तू विचारत होतीस अकरा वर्षांपूर्वी काय झालं. तुझ्या बापाने कॅम्पात घर घेतलं. घरभरणीला मला यायचं होतं. मी मूळ येईल म्हणून वाट पाहिली. त्याने बदलापूरच्या बाजारात आमच्या गावच्या एका माणसाला सांगितलं, "ताईला सांगा, रविवारी या." बस. सख्ख्या बहिणीला बाजारातून निरोप! मी नाही गेले. त्याला वाटलं, ताईला माझं घर खुपतं. त्याने बोलणं सोडलं. मीही सोडलं. दोघांत उन्नीस-बीस.

पुढच्या वर्षी भाऊबीजेला तो आला होता. त्याला वाटतं कुणाला माहीत नाही. हातात पिशवी घेऊन त्याच चिंचेखाली बराच वेळ उभा राहिला आणि परत गेला. बनूबाईने पाहिलं. चिंचेपासून माझं दार शंभर पावलं नाही गं. नऊपर्यंत आला, दहाला शिवला नाही. तुझं पत्र वाचताना त्या ओळीशी मी थांबले आणि तिथेच मला रडू आलं. हे त्याला सांगू नकोस. पुरुषमाणूस, त्याला लाज वाटेल.

आता तुझ्या आकड्याचं. तू मशीनवर तपासलास, पण माझा मशीनवर विश्वास नाही. मी पाटी काढली. मला तीसपर्यंतच पाढे येतात, तेवढं मी बघितलं. तीनाने एक उरतो. साताने पाच. अकराने एक. तेराने अकरा. सतराने पाच, एकोणिसाने तीन, तेविसाने दहा, एकोणतिसाने दोन. माझ्यापुरता तरी कुणाला बधला नाही. पुढचे सोळा कोटी तुझ्या मशीनचे. पाटीवर एवढा मोठा भागाकार पन्नास वर्षांत केला नव्हता. कुणी सांगितलाच नव्हता. बनूबाई विचारते, "म्हातारे, लहान झालीस का?" झाले म्हटलं.

फीत देव्हाऱ्यात ठेवलीय. पण शब्द तो शब्द. मी येणार नाही, बाय. राग नाही आता, हसून हसून गेला तो. पण मुळाशिवाय गेले तर मी माहेरी गेले असं होत नाही, नुसती उल्हासनगरला गेले असं होतं. तू परीक्षा झाली की इकडे ये. घावणे करीन.

आत्या

&nbsp;

उल्हासनगर
५ डिसेंबर २००६

प्रिय आत्या,

मी तुझं ऐकलं नाही. तू म्हणालीस सांगू नकोस. मी काहीच सांगितलं नाही. मी फक्त तुझी वही, तुझी तिन्ही पत्रं आणि बाबांचा चष्मा टेबलावर ठेवला आणि खाली कारखान्यात जाऊन बसले. शेठ म्हणाले, "क्या हुआ, तुझा चेहरा उतरलाय." मी म्हटलं, "अंकल, वर बॉम्ब ठेवून आलेय."

तासाभराने वर गेले. बाबा वही उघडून बसले होते. एक्याण्णवच्या पानावर. बोट त्या गोलावर होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. मला म्हणाली, "मूळ म्हणून आकडा पाठवलास? गणित शिकलीस की शेण खाल्लंस?"

बाबांनी वही मिटली. मग म्हणाले, "बदलापूरला उतरल्यावर ताईच्या गावाची रिक्षा कुठे मिळते?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला माहितीये की."

ते म्हणाले, "चिंचेपर्यंतचं माहितीये."

पुढे काही लिहीत नाही. रविवारी भात झोडायला जाऊ नकोस, एवढंच.

कीर्ती

&nbsp;

ताईच्या घरून
११ डिसेंबर २००६

चि. कीर्तीस आशीर्वाद.

काल सुखरूप पोचलो. चिंच ओलांडली.

ताई ओसरीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी पायरीशी उभा राहिलो. तिने वर पाहिलं, परत सुपात पाहिलं आणि म्हणाली, "कोण पाहिजे?" वाटेत मी बरंच बोलायचं ठरवलं होतं. रिक्षात तीनदा म्हणून पाहिलं होतं, रिक्षावाला मागे वळून बघत होता. ऐन वेळी तोंडातून निघालं, "तेरा सत्ते एक्याण्णव."

ती म्हणाली, "पन्नास वर्षं लागली? बस. पाय धू आधी."

मी हात पण धुतले.

काका हसता हसता खाटेवरून खाली यायचे राहिले. बनूबाई साखर मागायला आली होती.

माझी रजा शिल्लक आहे. बुधवारपर्यंत राहतो, भात झोडून होईल. गुरुवारी ताईला घेऊन निघतो. ती थेट तीस तारखेपर्यंत आपल्याकडे राहील, काका जेवणाच्या आदल्या दिवशी येतील. आईला सांग. दहा वर्षांपूर्वीची भाऊबीजेची पिशवी ट्रंकेत होती, तीच आणली. आतल्या लुगड्याला डांबरगोळीचा वास येतो म्हणाली ताई, पण नेसून बसलीय.

बाकी ताई लिहील. तिने पेन ओढून घेतलंय.

तुझा बाबा

&nbsp;

कीर्ती, बाय,

हे पत्र पोचायच्या आत आम्हीच पोचू, तरी लिहिते. पत्राचं उत्तर द्यायचं राहिलं असं नको.

तुझं मूळ पोचलं. तेवढं मोठं नाही, केसही गेलेत, पण दहापर्यंत आलं. काल संध्याकाळी त्याला फितीवरचा आकडा वाचायला बसवलं. एक, दोन, तीन करत नऊपर्यंत गेला आणि तिथे अडखळला. मी म्हटलं, "पुढे हो, भाऊ, पुढे हो." तर म्हणाला, "होतोय की! दम घेऊ दे." मग दहा म्हणाला आणि घरी येईपर्यंत थांबला नाही.

मशीनवाल्या बायकांना सांग, आत्या येतेय. तुझ्या सरांनाही एकदा भेटेन म्हणते, यादी संपत नाही हे कसं सिद्ध केलं ते मला पाटीवर समजावून हवंय. आणि शेठना म्हणावं, थोडी कोरी फीत शिल्लक ठेवा. नऊशे सत्त्याण्णवच्या पुढचं माझं काम राहिलंय.

वही जपून ठेव. एक्याण्णवचा गोल कुणी पुसू नका. चूक आहे, माहीत आहे. माझ्या भावाची आहे.

अंजनी